नवा धागा जुन्याच्या वर

श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी माझे मामेसासरे सुरतेहून पहिल्या बसने मांडवीच्या पुढच्या जंगलात गेले, तिथल्या टेकडीवर एकटे चढले आणि अंधार पडेपर्यंत खाली आले नाहीत. त्यांच्याजवळ पाण्याची बाटली, फडक्यात बांधलेल्या भाकरी, बंद करून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला मोबाइल आणि नारंगी पॉलिस्टर धाग्याचा एक कोन, म्हणजे शंकूसारखं रीळ, होता. अख्ख्या सुरत जिल्ह्यात आजवर एकदाही रस्ता न चुकलेला माणूस एकच आहे आणि तो म्हणजे आपण, असं ते सांगत. ते इतक्या मोठ्या आवाजात सांगत की खोडून काढायची कुणाची छाती होत नसे.

ते माझ्या बायकोचे सख्खे मामा. मिसरूड फुटायच्या आत अमळनेरकडच्या खेड्यातून सुरतेला आले, उधन्यातल्या एका लूमच्या खात्यात बॉबिन भरायला लागले आणि पुढे त्याच खात्यात मास्टर झाले. कारखान्याला सुरतेत खातं म्हणतात आणि बिघडलेला लूम दुरुस्त करणाऱ्याला मास्टर. लूमच्या खडखडाटात उभं आयुष्य गेल्यावर कानांचं जे होतं ते त्यांचंही झालं होतं. मात्र आपल्याला ऐकू येत नाही हे त्यांना मान्य नव्हतं. त्यांच्या मते सगळं जग हळू बोलायला लागलं होतं. त्यामुळे ते स्वतः जगाच्या वाटचंही बोलत. पर्वत पाटियाजवळच्या त्यांच्या सोसायटीत रात्री कुठली भाजी झाली, मामींचं गुडघ्याचं दुखणं कुठवर आलं आणि समोरच्या बिऱ्हाडाबद्दल मामांचं खाजगी मत काय आहे, हे समोरच्या बिऱ्हाडासकट सगळ्यांना ठाऊक असे. मी बायकोला पाहायला गेलो तेव्हा मामा माझ्या होणाऱ्या सासूबाईंच्या कानाशी वाकले आणि कुजबुजले, "पोऱ्या बरा शे. डोकावरना केस मात्र जाई राह्यनात." पोहे घेऊन येणारी मुलगी दारातच थांबली. माझे वडील छताकडे पाहू लागले. मामांनी बैठकीकडे वळून प्रसन्न चेहऱ्याने हात जोडले, कारण आपण अत्यंत नाजूक काम पार पाडलं अशी त्यांची खात्री होती.

समोरच्याचं बोलणं ऐकू आलं नाही की ते उजवा हात वर करत आणि "हा, हा" म्हणत. एवढ्यावर त्यांचा बहुतेक व्यवहार चाले. सोसायटीच्या सभेत पाण्याची टाकी साफ करायची जबाबदारी कोण घेणार, असं विचारलं गेलं तेव्हा मामांनी हात वर केला. त्यानंतर सोसायटीतलं कुणी ना कुणी बादली आणि खराटा त्यांच्या दारात आणून ठेवू लागलं. हे काम आपल्याकडे का आलं हे त्यांना कधीच कळलं नाही. तरी ते मनापासून टाकी घासत आणि वरून ओरडून सांगत की या सोसायटीत आपल्याशिवाय कुणाला पाण्याची फिकीर नाही. माझ्या बायकोने एकदा त्यांना कानाचं यंत्र आणून दिलं. त्यांनी ते सकाळी लावलं आणि संध्याकाळी काढून तिच्या हातात ठेवलं. दिवसभरात त्यांना कुकरची शिट्टी, पर्वत पाटियाच्या चौकातले हॉर्न आणि मामी, हे तिन्ही एकदम ऐकू आले होते. "इतला गोंगाट तुम्ही रोज ऐकतस?" त्यांनी आमच्याकडे दयेने पाहत विचारलं. यंत्र मामींनी लवंगांच्या डब्यात ठेवलं. त्या सोमवारीही ते डब्यातच होतं.

रस्ता विचारावा तर उत्तर ऐकू येत नाही, आणि ऐकू आलं नाही हे कबूल करवत नाही. या पेचावर त्यांनी काढलेला तोडगा म्हणजे धागा. खात्यात लॉट संपला की कोनावर उरलेला धागा मास्टरच्या वाट्याला येई. मामांच्या खिशात तो कायम असे, आणि त्याच्या जोडीला धागा कापायचा बोटभर लांबीचा कटर. नव्या ठिकाणी गेले की वळणावळणावर खांबाला, कठड्याला, खिडकीच्या गजाला धागा बांधत आणि परतताना धाग्यांवर नजर ठेवून बिनचूक बाहेर येत. धागा नेहमी त्यांच्या छातीच्या उंचीवर असे. मामा ठेंगणे असल्यामुळे उंच माणसाला तो दिसायचा नाही, पण जगाची मोजपट्टी आपली छाती आहे याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. गाठ विणकराची, लहान आणि पक्की. गाठ मारली की दोन्ही टोकं कटरने सारखी कापलेली. लोंबणारं टोक त्यांना सहनच होत नसे. लग्नाकार्यात ते पाहुण्यांच्या सदऱ्यांची सुटलेली दशी न विचारता कापत. एका तेराव्याला त्यांनी शोकाकुल यजमानाच्या खांद्यावरून असा काही झटकन धागा छाटला की यजमान रडायचे थांबले आणि घाबरून मागे सरकले.

बारडोलीच्या एका लग्नात चपला चोरीला जाऊ नयेत म्हणून मामांनी आमच्याकडच्या झाडून सगळ्या चपलांना जांभळा धागा बांधला. धागा उरला म्हणून मुलाकडच्यांच्या चपलांनाही बांधला. निघायच्या वेळी मांडवाबाहेर जांभळ्या धाग्यांच्या चपलांचा ढीग होता आणि प्रत्येक जण दुसऱ्याच्या पायांकडे संशयाने पाहत होता. पण मामांच्या शास्त्राला खरा तडा गेला तो पर्वत पाटियाच्या कापड मार्केटबाहेर. तिथे एकसारख्या स्कूटर रांगेने लावलेल्या असतात. मामांनी आपली स्कूटर लावली आणि जागेची खूण म्हणून शेजारी उभ्या असलेल्या टेम्पोच्या आरशाला पिवळा धागा बांधला. मामी गुडघ्यामुळे स्कूटरवरच बसून राहिल्या. मामा काम आटपून बाहेर आले तोवर टेम्पो माल भरून चलथाणकडे गेला होता. मामा पिवळा धागा शोधत त्या रांगेतून येरझारा घालू लागले. ते स्वतःच्या स्कूटरवरून आणि तिच्यावर बसलेल्या बायकोवरून पुन्हापुन्हा पुढे जात राहिले. मामी हाका मारत होत्या. मामा धाग्याशिवाय दुसरं काही पाहत नव्हते. शेवटी एका हमालाने त्यांना दंडाला धरून मामींसमोर आणून उभं केलं. घरी आल्यावर मामी म्हणाल्या, "मी इतली मोठी बाई बठेल व्हतू, ती दिसनी नही. धागा पाहिजे यासले!"

त्या दिवसापासून मामांनी नियम केला: हलणाऱ्या वस्तूला धागा बांधायचा नाही. झाडाला बांधायचा. "झाड कोठे जास?" असं ते विचारत आणि समोरचा गप्प बसला की त्याला पटलं असं धरून चालत.

टेकडी त्यांना खात्यातल्या जोडीदाराने दाखवली. हा जोडीदार ओडिशातल्या गंजाम जिल्ह्याचा. खडखडाटात दोघं हातांच्या खुणांनी बोलत. धागा तुटला, ताण्याचा बीम संपला, चहा आला, शेठ आला, सगळ्याला खूण होती. बाहेरच्या शांततेत मात्र दोघांना बोलायला काही नसे. मामांची अहिराणी जोडीदाराला कळत नसे, त्याची ओडिया मामांना कळत नसे, आणि हिंदीत दोघंही फक्त भांडू शकत. दिवाळीला जोडीदार गावी गेला की मामा त्याला फोन लावत. "हॅलो!" मामा ओरडत. "हॅलो मास्टर!" तिकडून ओरडा येई. असं चार-पाचदा झालं की मामा समाधानाने फोन ठेवत आणि सांगत, "बरा शे तो."

टेकडी उंच नाही. पायथ्याच्या चहाच्या टपरीपासून वरच्या देवाच्या दगडापर्यंत तासाभराची वाट आहे, पण ती सरळ छातीवर येते. साग, बांबू, मध्ये पळस, आणि पावसाळ्यात पायाखाली लाल निसरडी माती. दरवर्षी श्रावणातल्या एका रविवारी मामा खात्यातली माणसं आणि आम्ही सगळे नातेवाईक, अशी वरात घेऊन ती टेकडी चढत. वाट पुष्कळ ठिकाणी फुटते. म्हणून त्याआधीच्या सोमवारी मामा आणि जोडीदार येऊन झाडाझाडाला धागा बांधून जात. बीम आधी चढवायचा, मग लूम चालू करायचा, हे त्यांचं गणित. गेल्या वर्षीच्या धाग्याच्या वर बोटभर अंतर सोडून या वर्षीचा धागा. रंग दरवर्षी वेगळा, त्या हंगामात खात्यात जो लॉट चालला असेल तो. पॉलिस्टर कुजत नाही. वाटेवरच्या प्रत्येक खुणेच्या झाडावर लाल, पोपटी, जांभळा, पिवळा असे पट्टे एकावर एक चढत गेले होते आणि सगळ्यांत वर गेल्या वर्षीचा फिरोजी होता. जुने काढून का टाकत नाही, असं मी एकदा विचारलं. मामा म्हणाले, "जुना धागा सांगस, मी आठेच व्हतू. मंग नवा त्यानावर बठस. माणूस खोटं बोलस, जवाईबापू. धागा नही बोलस."

रविवारच्या चढणीत मामांसारखा हुकूमशहा पाहायला मिळत नाही. ते पुढे चालत आणि मागे न पाहता सूचना देत. पक्षी उडून जात. कुणी दगडावर टेकलं की त्यांना पाठीमागूनही कळे. "बठू नका! बंद लूम परत चालू कराले जास्त करंट लागस!" एका वर्षी माझी बायको बसलीच. मामा परत खाली उतरले, तिच्यासमोर उभे राहिले आणि शिणलेल्या लूमकडे पाहावं तसं तिच्याकडे पाहू लागले. तिने मोबाइल काढून नकाशावर ठिपका दाखवला: "मामा, हे बघा, अजून अर्धी वाट आहे." मामांनी पडद्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "फोन आकाशमाईन दखस," ते म्हणाले, "पाय जमीनवर ऱ्हातस." मग त्यांनी तिची पिशवी आपल्या खांद्यावर घेतली आणि वर पोचेपर्यंत परत दिली नाही. वर गेल्यावर ते आधी देवाच्या दगडाला हात जोडत आणि मग वळून तिच्या पाया पडत. आमच्याकडे मामा भाचीच्या पाया पडतो, भाची मामाच्या पडत नाही. धापा टाकत, चिखलाने भरलेले पाय मागे ओढत ती म्हणे, "मामा, नका ना, सगळे बघतात." मामा पायांवर डोकं टेकवत आणि उठताना तिच्या ओढणीची एखादी दशी कापून टाकत. मग ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी आणि भरताचा डबा उघडे. जेवताना मामा कुणाशी बोलत नसत. खाली दिसणाऱ्या झाडांकडे पाहत बसत आणि मध्येच मोठ्याने म्हणत, "आठे आवाज नही." बाकीच्यांना तिथे किड्यांची किरकिर ऐकू येत असे.

गेल्या दिवाळीनंतर खातं बंद झालं. शेठने जुने लूम भंगारात दिले. माणसं दुसऱ्या खात्यांत गेली, काही गावी परतली. जोडीदार गंजामला गेला. मामांना या वयात, या कानांनी, कुणी घेतलं नाही. शेवटच्या दिवशी ते नारंगी धाग्याच्या कोनांचं पोतं स्कूटरवर पुढे ठेवून घरी आले. त्यानंतर काही महिने घरातली प्रत्येक वस्तू नारंगी झाली. नळ, झाडू, गॅसची नळी, मामींचा चष्मा. मामींनी फोनवर माझ्या बायकोला सांगितलं, "काम नही ना. हात बठू देत नही त्यासले." रविवारची टेकडी मात्र ठरली होती. मामांनी प्रत्येकाला स्वतः फोन केला आणि समोरच्याचं उत्तर ऐकू न आल्यामुळे सगळे येणार असं धरलं. जोडीदार तर खरंच येणार होता. त्याने गाडीचं आरक्षण केलं होतं, पण तो गुरुवारी पोचणार होता. म्हणून सोमवारी मामा धागे बांधायला एकटे गेले.

ते दुपारच्या बसने परततील असं सांगून गेले होते. संध्याकाळच्या बसनेही आले नाहीत तेव्हा मामींचा फोन आला. आम्ही मामींना घेऊन गाडीने निघालो. पायथ्याला पोचलो तेव्हा उजेड संपत आला होता आणि टेकडीच्या वरच्या अर्ध्या भागावर ढग उतरला होता. चहाच्या टपरीवरच्या बाईंनी गावातल्या माणसांना आधीच वर पाठवलं होतं. त्या गुजरातीत सांगू लागल्या. "काका सवारे गया. में कीधुं हतुं के पेली बाजु धसी गई छे, नवे रस्ते जजो." आषाढातल्या पावसात वरच्या वळणापाशी उताराचा एक तुकडा झाडांसकट खाली बसला होता. गावातले लोक तेव्हापासून डावीकडच्या नव्या वाटेने जात होते. बाईंनी हे मामांना टपरीतून ओरडून सांगितलं होतं.

"ते काय म्हणाले?" माझ्या बायकोने विचारलं.

बाईंनी उजवा हात वर करून दाखवला. "हा, हा, कीधुं."

गावातली माणसं बॅटरी घेऊन अंधार पूर्ण होईपर्यंत हाका मारत फिरली आणि पावसाने खाली आली. माझी बायको वाटेच्या तोंडाशी उभी राहून "मामा! ओ मामा!" असं ओरडत होती. मामी टपरीच्या बाकावर बसल्या होत्या. त्यांनी तिला जवळ बोलावलं.

"हाका नको मारू, माय. गळा बसी जाई. त्यासले ऐकू येत नही. सकाळे धागा दखा."

सकाळी पाऊस थांबला होता. वनखात्याचे दोघं, गावातले काही जण, मी आणि माझी बायको, असे आम्ही निघालो. मामी टपरीवरच थांबल्या. गुडघ्यामुळे त्यांना कधीच ती टेकडी चढता आली नव्हती. पहिला धागा टपरीमागच्या पळसावरच होता: फिरोजीच्या वर बोटभर अंतरावर नारंगी. त्यानंतर चुकण्यासारखं काही नव्हतं. प्रत्येक फाट्यावर, प्रत्येक खुणेच्या झाडावर नारंगी धागा होता, छातीच्या उंचीवर, टोकं कापलेला. गावातला एक तरुण पुढे जाऊन प्रत्येक वेळी हात लावून सांगत होता, "आ रह्यो", म्हणजे हा इथे आहे. माझी बायको प्रत्येक धाग्यापाशी थांबत होती आणि पुढच्याकडे जवळजवळ धावत होती. ती बसली नाही. अर्ध्या वाटेवरच्या मोठ्या दगडापाशी, जिथे मामा कुणालाच टेकू देत नसत, तिथे भाकरीचं रिकामं फडकं घडी घालून ठेवलेलं सापडलं. ते नारंगी धाग्याने बांधलेलं होतं. म्हणजे इथे ते स्वतः बसले होते आणि जेवले होते.

वरच्या वळणापाशी नारंगी धागे संपले. शेवटचा एका सागावर होता. तिथून गावकऱ्यांची नवी वाट डावीकडे जात होती आणि तिच्यावरच्या कुठल्याच झाडावर कुठल्याच रंगाचा धागा नव्हता. तिथून मामा कधी गेले नव्हते. सरळ जाणाऱ्या जुन्या वाटेवर काही पावलांपुढे कड होती. तिच्याखाली लाल माती, उपटलेला बांबू आणि दगड यांचा उतार दिसत होता. त्या उताराच्या तळाशी एक साग उभाच्या उभा होता. तो जमिनीसकट खाली सरकला होता, पडला नव्हता. पानं हिरवी होती. त्याच्या खोडाभोवती लाल, पोपटी, जांभळा, पिवळा आणि फिरोजी असे पट्टे वरून स्पष्ट दिसत होते. ढग असता तर फिरोजी तेवढा दिसला असता, आणि झाड किती खाली आहे ते कळलं नसतं. सोमवारी सकाळी वर ढग होता, असं टपरीवाल्या बाईंनी सांगितलं होतं.

कडेच्या मातीत चपलेच्या घसरणीची लांब खूण होती. पावसाने ती अर्धी धुतली होती.

वनखात्याच्या माणसांनी आम्हाला वळसा घालून खाली नेलं. मामा त्या सागाला पाठ टेकून बसले होते. डावा पाय गुडघ्याखाली वाकडा झाला होता. मांडीवर पिशवी होती. पिशवीत पाण्याची रिकामी बाटली होती, आणि मोबाइल प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला, बंद. नारंगी कोन हातात होता. वनखात्याच्या माणसाने मानेला बोटं लावून पाहिलं आणि टोपी काढली. पाय मोडला होता, आतून रक्त गेलं होतं आणि रात्री थंडी-पावसात कधीतरी प्राण गेला असावा, असं नंतर डॉक्टरांनी सांगितलं. अंधार पडेपर्यंत ते जिवंत असणार. माणसं वरून हाका मारत नव्या वाटेने गेली, तेव्हाही. माझी बायको खाली बसली, तिने त्यांच्या पायांवरचा चिखल ओढणीने पुसला आणि त्यांच्या पाया पडली.

झोळी खाली आणली तेव्हा मामी बाकावरून उठल्या. त्यांनी तोंडावरची चादर बाजूला केली, मामांच्या सदऱ्याच्या कॉलरची सुटलेली दशी चिमटीत धरून तोडली आणि चादर परत ओढली. "चाला," त्या म्हणाल्या. "आते घर चाला."

जोडीदार गुरुवारी सुरतेत उतरला. त्याला गाडीत कुणी कळवलं नव्हतं, कारण त्याचा नंबर फक्त मामांच्या फोनमध्ये होता आणि तो फोन कुणी चालू केला नव्हता. तो स्टेशनवरून थेट पर्वत पाटियाला आला. दारात मंडप नव्हता, पण चपला होत्या. तो बाहेरच उभा राहिला. मग त्याने मामींकडे पाहून हाताने एक खूण केली. मामी पूर्वी त्या खात्यातल्या चाळीस माणसांना चहा देत असत, म्हणून त्या तिथल्या सगळ्या खुणा ओळखत होत्या. त्यांनी मान हलवली. ती खूण धागा तुटल्याची होती, असं त्यांनी नंतर आम्हाला सांगितलं.

रविवारी तो मला म्हणाला, "झाड दिखाओ." मी त्याला घेऊन गेलो. टपरीवाल्या बाईंनी आम्हाला चहा दिला. तो पळसापासून प्रत्येक धागा पाहत चढला. एकदाही बसला नाही. वरच्या वळणावरून वळसा घालून आम्ही त्या सागापाशी उतरलो. त्याने खोडावरचे पट्टे खालून वर, एकेका रंगाला बोट लावत पाहिले. लाल लॉट, पोपटी लॉट, जांभळा, पिवळा. फिरोजीपाशी बोट थांबलं. त्याच्या वर काही नव्हतं. तो झाडाला फेरी घालून दुसऱ्या बाजूला गेला आणि मग उकिडवा बसला.

"साब," तो म्हणाला, "इधर है."

फिरोजी धागा उभ्या माणसाच्या छातीच्या उंचीवर होता. नारंगी धागा त्याच्या पुष्कळ खाली, जमिनीपासून हातभर उंचीवर बांधलेला होता.

"मास्टर ने बैठके बांधा," जोडीदार म्हणाला.

त्याने नखाने गाठ ओढून पाहिली. गाठ पक्की होती आणि दोन्ही टोकं सारखी कापलेली होती.